एक किलोला पाच ग्रॅम कमी

नागपूरला महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी आजीच्या फडताळात एक वजन होतं. किराणा दुकानात असतं तसलं नाही. पाहुण्यांना त्याचा आकार चटकन कळायचा नाही. वर जाड डोकं, मधे बारीक कंबर, खाली पसरलेला सपाट पाय. उंचीला वितीहून थोडं कमी, जाडीला बोटभर. रेल्वेच्या रुळाचा आडवा काप होता तो. दारात भाजीवाल्यानं किलोभर वांगी मोजली की आजी आत जाऊन तो काप आणायची आणि त्याच्याच तराजूत ठेवायला लावायची. "माझ्या लेकाच्या कारखान्यातलं वजन आहे, यात फरक नाही पडत," असं ती सांगायची, आणि भाजीवालाही ते मान्य करायचा.

बाबांनी तो मुद्दाम तसा कापून घेतला होता. बावन्न किलोचा रूळ म्हणजे मीटरमागे बावन्न किलो, नेमकं सांगायचं तर ५१.८९. मग एक किलो हवा असेल तर लांबी किती? १९.३ मिलिमीटर. चाचणी होऊन भंगारात निघालेल्या नमुन्यातून वर्कशॉपमधल्या एका जुन्या मिस्त्रीनं तो कापला, घासला, काट्यावर तोलला. बाबांनी रीतसर गेटपास केला आणि पिशवीत घालून तो भिलाईहून नागपूरला आणला. आजीनं आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता, "तू तिथं करतो तरी काय रे?" हा काप म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं.

बाबा गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर कुठून सुरुवात करावी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली सदतीस वर्षांची नोकरी, तीही मुख्यतः रेल मिलमधली, म्हणजे रूळ लाटतात तिथली. पदं, बढत्या, बदल्या यांचा कागद कपाटात आहे, पण त्या कागदात बाबा सापडत नाहीत. ते सापडतात या कापात, आणि अशाच आणखी दोन-चार वस्तूंत.

आजोबा एम्प्रेस मिलमध्ये विणखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. जमशेदजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला नागपुरात सुरू केलेली ही गिरणी. घरातला दिवस तिच्या भोंग्यावर चालायचा. १९६५ मध्ये बाबांनी व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र घेतलं तेव्हा आजोबांना ते पटलं नव्हतं. सिव्हिल कळत होतं, मेकॅनिकल कळत होतं, मेटलर्जी म्हणजे काय? "आपल्याला कापूस समजतो. लोखंडातलं आपल्या घरात कोणाला काय कळते?" असं ते म्हणाले होते. त्यावर बाबांनी त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच पुढे मला सांगितली, आणि नंतर माझ्या मुलालाही.

ती गोष्ट अशी. कापसाच्या गिरणीवर टाटा थांबले नाहीत. त्यांनी १८८२ च्या सुमारास एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल वाचला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. पोलादाचा कारखाना काढायचं त्यांच्या मनानं घेतलं ते तिथून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चांद्याच्या जंगलात फिरले, पण हिशेब काही जुळेना. आम्ही चांद्याचा नाद सोडतो आहोत, हे सरकारला कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले. साहेब भेटायला वेळ होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. आपला अजब बंगला! तिथे मध्य प्रांताचा एक भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि दुर्ग जिल्ह्यात एका ठिकाणी लोखंडाची खूण गडद रंगात होती. त्या खुणेच्या मागावर त्यांची माणसं डल्ली-राजहराच्या डोंगरावर पोचली. चालताना पायाखाली धातू वाजावा तसा आवाज येत होता म्हणे, इतकं श्रीमंत खनिज. पण जवळपास योग्य कोळसा नव्हता, पाणी नव्हतं. डोंगर तसाच राहिला. पुढे भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांचं मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दलचं पत्र आलं, टाटांचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला, आणि १९१२ मध्ये तिथे पोलादाची पहिली लगड निघाली.

डल्ली-राजहराच्या डोंगराला मात्र आणखी अर्धं शतक वाट बघावी लागली. १९५५ च्या २ फेब्रुवारीला भारत आणि सोव्हिएत रशियाचा करार झाला, भिलाई ठरलं, आणि त्या डोंगराचं खनिज भिलाईच्या भट्टीत जायला लागलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते.

यातली आणखी एक गोष्ट आता नागपूरकरांच्याही लक्षात नसते. करार झाला त्या दिवशी भिलाई ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. दुर्गचे लोक कोर्टकचेरीला इकडे यायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिलं. राजधानी गेल्याचं दुःख आमच्या घरातही होतं, पण बाबा म्हणत, "राजधानी गेली. रेल्वेलाईन कुठं गेली?" १९७० मध्ये ते त्याच लाईनीवरून भिलाईला गेले.

मला त्यांनी अजब बंगल्यात नेलं तेव्हा मी सातवीत होते. तो नकाशा आम्हाला दिसला नाही. पेंढा भरलेले प्राणी, मूर्ती, नाणी, शस्त्रं, सगळी दालनं पाहून झाली. बाबा प्रत्येक भिंतीकडे बघत होते. शेवटी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "साहेब वेळेवर भेटला असता तर?" मग कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. आजोबांची गिरणी आणि आपला कारखाना या दोन टोकांच्या मधे ही इमारत उभी आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. मलाही वाटतं.

माझा जन्म १९७५ चा, नागपूरचा. आईचं माहेर धंतोलीला. बाबा त्या रात्री नाईट शिफ्टला होते. सकाळी सहाला सुटून क्वार्टरवर आले, तर तार आलेली. नऊ वर्षं आम्ही भिलाईला राहिलो. रुंद, सरळ रस्ते, झाडं, सेक्टरांचे आकडे. संध्याकाळी लॅडलमधली, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या बादलीतली तप्त धातुमळी ओतली की आकाशाची एक कड केशरी व्हायची. आम्हा मुलांना त्याचं काही वाटायचं नाही. सगळ्याच गावांत रात्री असं होत असणार, अशी आमची समजूत. पुढे नागपूरला आलो तेव्हा पहिल्या रात्री गच्चीवर जाऊन मी आईला विचारलं होतं, "इथं आभाळ का नाही पेटत?"

आजीचं दुखणं आणि आईची शाळेतली नोकरी यामुळे आम्ही १९८४ मध्ये महालात परत आलो. बाबा तिकडेच राहिले. साप्ताहिक सुटी दर वेळी रविवारीच येईल असं नसायचं. कधी मंगळवार, कधी शुक्रवार. मेल मिळाली तर मेल, नाहीतर पॅसेंजर. मी शाळेतून यावं तर ओसरीवर त्यांचे बूट दिसावेत. बुटांच्या चामड्यावर ठिणग्यांचे बारीक डाग असत. ते घरात खूप मोठ्यानं बोलत. दिवसभर तापलेले रूळ कापणाऱ्या करवतीच्या किंकाळीसमोर बोलणाऱ्या माणसाचा आवाज खाली येतच नाही. शेजारच्या काकूंना वाटायचं की आमच्याकडे भांडण चाललंय. प्रत्यक्षात ते मला दशांश अपूर्णांक शिकवत असायचे.

त्या काळात त्यांनी आणलेली दुसरी वस्तू आमच्या फॅमिली अल्बममध्ये आहे. माझ्या बारशाच्या फोटोच्या शेजारी रुळाच्या आकाराचा एक तपकिरी छाप चिकटवलेला आहे. त्याला सल्फर प्रिंट म्हणतात. रुळाचा काप गुळगुळीत घासायचा, फोटोचा ब्रोमाइड पेपर सौम्य गंधकाम्लात भिजवायचा आणि त्यावर काही मिनिटं दाबून धरायचा. पोलादात जिथे जिथे गंधक असतं तिथे कागदावर तपकिरी डाग उमटतात. मग हायपोत बुडवून कागद पक्का करायचा. कॅमेरा नाही, उजेड नाही. पोलाद स्वतःच आपलं चित्र काढतं. "हा याच्या पोटातला फोटो आहे," बाबा म्हणाले होते. डाग सगळीकडे सारखे, बारीक विखुरलेले असले तर चांगलं. मधोमध गर्दी करून असले तर तो रूळ नापास. आमच्या अल्बममधला पास झालेला आहे. आईला तो तिथे लावणं मुळीच मान्य नव्हतं. पण लहानपणी अल्बम बघायला आलेली सगळी मुलं सर्वात जास्त वेळ त्याच पानावर थांबायची.

गंधकाची गोष्ट निघाली की रामटेकची सहल आठवते. वाटेत मनसर लागतं. तिथल्या काळपट टेकडीकडे बोट दाखवून बाबांनी बस थांबवायचीच बाकी ठेवली होती. मँगनीज! विदर्भाच्या पोटातली ही काळी वस्तू नसेल तर पोलाद लाटताच येत नाही, असं त्यांनी बसमधल्या शेजाऱ्यालाही सांगितलं. पोलादातलं गंधक लोखंडाशी संगत करतं आणि कणाकणांच्या सांध्यांत जाऊन बसतं. लाल गरम असताना पोलाद लाटायच्या रोलमध्ये घातलं की ते सांधे वितळतात आणि धातू तडकतो. मँगनीज घातलं की गंधक लोखंडाला सोडून त्याच्याशी बांधलं जातं आणि निरुपद्रवी होतं. रुळाच्या शंभर किलोत साधारण किलोभर मँगनीज असतं. आणि रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगसाठी तर बारा-तेरा टक्के मँगनीजचं वेगळंच पोलाद लागतं. ते चाकांचे घाव खाऊन आणखी कठीण होत जातं. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगचं कौतुक आपण सगळेच करतो. बाबांना ती बघताना दिल्ली-मद्रास, हावडा-मुंबई यातलं काही सुचायचं नाही. ते म्हणायचे, "किती मार खात असेल बिचारी."

मी लहान होते तेव्हा एकदाच त्यांनी मला मिल दाखवली. कुटुंबीयांना बघू देण्याचा दिवस होता. डोक्यावर मोठी पडणारी हेल्मेट, आणि उंच लोखंडी पुलावरून खाली बघायचं. दूरच्या टोकाला भट्टीचं दार उघडलं आणि एक पिवळाधमक लांब ठोकळा बाहेर आला. एवढी मोठी वस्तू स्वतःच्या उजेडात चालत येताना मी पहिल्यांदा बघितली. तो रोलमध्ये शिरला, मागे आला, पुन्हा शिरला. प्रत्येक फेरीला लांब आणि बारीक होत गेला. तोवर त्याला डोकं आणि पाय फुटायला लागले होते. माझ्या चेहऱ्याला एवढ्या उंचीवरही झळ बसत होती. मग करवत आली, किंकाळी, ठिणग्यांचा फवारा, आणि तेरा-तेरा मीटरचे तुकडे. एकेक रूळ पावणेसातशे किलोच्या आसपास.

ते लाल रूळ थंड व्हायला टाकायच्या जागेवर गेले तेव्हा मी विचारलं, "वाकडे का आहेत?" खरंच, सगळे एका बाजूला वाकलेले होते. बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी खिशातून खडू काढून त्या पुलाच्या पत्र्यावरच चित्र काढलं. रुळाचं डोकं जाड, पाय पातळ. पाय लवकर थंड होतो, डोकं उशिरा. उशिरा थंड होणारं मागाहून आकसतं आणि अख्खा रूळ ओढून वाकवतं. म्हणून गरम असतानाच त्याला उलट दिशेनं वाकवून ठेवायचं. थंड होता होता तो आपला आपण सरळ येतो. पूर्ण नाही, उरलेला बाक मग यंत्रानं काढायचा. मी घरी येऊन हे वहीत लिहिलं. ती वही आहे अजून.

रशियन तज्ज्ञांबरोबर काम करून ते थोडं रशियन शिकले होते. जुन्या ड्रॉइंगवरच्या सूचना रशियनमध्ये असत. इंग्रजी पी दिसतो तो र, एच दिसतो तो न, सी दिसतो तो स, एवढं त्यांनी मलाही शिकवलं. काम जमलं की घरातही "खराशो", म्हणजे "छान" म्हणत. आईनं केलेल्या पुडाच्या वडीला त्यांनी कायम हाच शब्द वापरला.

पावसाबद्दल लिहायलाच हवं. नागपूरचा मे ज्यानं काढला आहे त्याला मृगाची पहिली सर म्हणजे काय ते सांगायला नको. कूलरची घरघर थांबते, मातीचा वास येतो, लोक गच्चीवर जातात. बाबा सुटीवर असले तर तेही वर यायचे, पण दोन मिनिटांत पूर्वेकडे बघायला लागायचे. ढग तिकडे गेलेत का? कारण ओला चुना. भट्टीत जाणाऱ्या चुन्यात, फेरोमँगनीजमध्ये ओल असली की त्या पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या पोलादात विरघळून बसतो. दहा लाख भागांत तीन-चार भाग, एवढासा. पण पोलाद थंड होताना त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर आत केसासारख्या चिरा पडतात. वरून रूळ लखलखीत दिसतो. वर्षानुवर्षं चाकं जात राहतात आणि आत ती चीर वाढत राहते. म्हणून रूळ झाकलेल्या खड्ड्यांत सावकाश थंड करायचे. पुढे वितळलेल्या पोलादातूनच निर्वातानं हायड्रोजन खेचून काढायची सोय आली, आणि बाबांच्या पावसाळ्यातल्या रात्री थोड्या बऱ्या गेल्या.

१९९८ च्या नोव्हेंबरची २६ तारीख. पंजाबात खन्ना इथे पहाटे फ्रंटियर मेलचे डबे घसरले आणि समोरून आलेली सियालदहा एक्स्प्रेस त्यांच्यावर आदळली. दोनशेहून जास्त माणसं गेली. रूळ तुटला होता. बाबा त्या दिवशी नागपुरात होते. टीव्हीसमोर बसले ते उठलेच नाहीत. जेवायला आले नाहीत. तो रूळ कुठल्या वर्षीचा, कुठल्या कारखान्यातला, कशानं तुटला, यातलं काहीही त्यांना माहीत नव्हतं. मी तसं म्हणालेही, "बाबा, तुमचा याच्याशी काय संबंध?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. मला हे विचारावंसं वाटलं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं. रात्री उशिरा ते म्हणाले, "बेटा, रुळावर गाडी जाते तेव्हा आतले लोक झोपलेले असतात." दुसऱ्या दिवशी सुटी संपायच्या आधीच ते परत गेले.

या वाक्यानं मला त्यांचं सगळं काम पहिल्यांदा समजलं, असं मी आज म्हणू शकते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि दर वाढदिवसाला बाबा कारखान्यात का असतात, याची तक्रार मनात धरून होते.

आता गाडीतला खेळ. तेव्हाचे रूळ तेरा मीटरचे, दोघांच्या मधे सांधा. उन्हात पोलाद वाढतं. नागपूरच्या थंडीत आणि उन्हाळ्यात रुळाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यात तेरा मीटरचा रूळ सहा मिलिमीटरनं लांब होतो. म्हणून फट ठेवायची. त्या फटीवरून चाक गेलं की खट्. बाबांच्या हाताला एचएमटीचं घड्याळ असायचं. ते मला म्हणत, "सत्तेचाळीस सेकंद खट् मोज. जेवढे येतील तेवढा ताशी किलोमीटर वेग." गोंदिया सोडलं की आम्ही सुरू करायचो. छप्पन. एकसष्ट. दरेकसाच्या बोगद्यात आवाज घुमायचा आणि मोजणी चुकायची. सत्तेचाळीसच का, ते मला कॉलेजात गेल्यावर एकदा स्वतःच गणित मांडून कळलं. तेरा मीटर, ताशी किलोमीटर, छत्तीसशे सेकंद. उत्तर येतं ४६.८. मी फोन करून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पॉइंट आठ. मी पूर्ण सांगितलं असतं तर तू मांडलं असतं का?"

आता सांधे वेल्ड करून टाकतात, म्हणजे रूळ जोडून सलग करतात. नंतर भिलाईतच आधी पासष्ट मीटरचे, मग एकशे तीस मीटरचे रूळ निघू लागले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा मी बाबांना तिच्यातून दुर्गला नेलं होतं. डोंगरगड आलं, बमलेश्वरीचा डोंगर दिसला. डब्यात आवाज जवळजवळ नाहीच. ते सगळा वेळ खिडकीला कान लावल्यासारखे बसले होते. मला वाटलं, आता जुन्या दिवसांची खंत बोलून दाखवतील. ते म्हणाले, "किती छान जोडलंय." आणि शांत झोपले.

रुळाच्या कमरेवर उठावाची अक्षरं असतात, हे किती लोकांना माहीत आहे कोण जाणे. कारखान्याचं नाव, रुळाचा प्रकार, महिना, साल. लगडीपासून बनलेल्या जुन्या रुळांवर एक बाणही असतो. लगडीचा वरचा भाग कुठल्या टोकाला होता हे तो सांगतो. कारण पोलाद गोठताना त्यातली घाण वरच्या भागात गोळा होते, आणि खोट शोधायची तर कुठल्या टोकाकडून शोधायची ते कळलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला गरम असतानाच ठोकलेला हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाचा नंबर असतो. माणसाचं नाव कुठेच नसतं.

निवृत्तीनंतर बाबा रोज संध्याकाळी अजनीकडे फिरायला जायचे. रेल्वे कॉलनीच्या बाजूला कुंपणासाठी, अडसरासाठी जुने रूळ उभे गाडलेले आहेत. त्यावर दरवर्षी रंगाचा नवा थर चढतो. एके दिवशी त्यांचा फोन आला. मी ऑफिसात होते. "तुझ्या सालाचा सापडला," म्हणाले. मला काही कळेना. संध्याकाळी ते मला घेऊन गेले. एका खांबावरचा रंग त्यांनी घराच्या किल्लीनं खरवडला होता. १९७५. महिन्याचे रोमन आकडे गंजानं खाल्ले होते. खांबाला वळसा घालून ते मागच्या बाजूला गेले आणि गुडघ्यावर बसले. साठी ओलांडलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, भर रस्त्यात. नंबरातले तीन आकडे लागले, बाकीचे जमिनीत गाडलेले होते. "हा नंबर पूर्ण मिळाला आणि ते रजिस्टर मिळालं," ते म्हणाले, "तर त्या रात्री ड्यूटीवर कोण कोण होतं ते एकेक नावानं सांगता येईल. भट्टीवाला, क्रेनवाला, रोलवाला, टेस्टिंगवाला." मग त्यांनी ती माणसं खरंच आठवून आठवून सांगितली. छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, आपली मराठी. कुणाचा डबा कसा असायचा, कुणाच्या मुलीचं लग्न कुठे झालं, कोण आता नाही. अंधार पडला तरी आम्ही तिथेच होतो. स्वतःचं नाव त्यांनी त्या यादीत घेतलं नाही. मी घेतलं, तेव्हा म्हणाले, "हो, असेन मीही."

शेवटचं दुखणं फार दिवसांचं नव्हतं. त्याबद्दल लिहीत नाही.

दिवस झाल्यावर महिन्याभरानं पुस्तकं काढायला घेतली. पोलादाची पुस्तकं व्हीएनआयटीतल्या एका विद्यार्थ्यानं नेली. उरली जुनी मासिकं, सेमिनारच्या फायली, तीस वर्षांच्या डायऱ्यांतल्या कोऱ्या. रद्दीवाल्याला बोलावलं. तरुण मुलगा, सायकलऐवजी बॅटरीची गाडी, हातात इलेक्ट्रॉनिक काटा. मी आतून काप घेऊन आले. आजीसारखंच. त्याच्यावर माझा अविश्वास नव्हता. हात आपोआप तिकडे गेला. काट्यावर ठेवला तर ९९५. पन्नास वर्षांच्या चिंचेनं, राखेनं, घासणीनं आणि दमट पावसाळ्यांनी पाच ग्रॅम नेले होते.

"काटा बरोबर आहे माझा, ताई," तो म्हणाला.

"हो, बरोबर आहे."

त्यानं काप उचलून उलटा-सुलटा केला. "हे पण देऊन राहिल्या का?"

"नाही. हे नाही."

कापाच्या कमरेवर एका बाजूला एक उंचवटा आहे. कापताना एखादं अक्षर किंवा आकडा अर्धा आत आला, अर्धा बाहेर राहिला. आजी म्हणायची तो काना आहे. आईला तो एक वाटायचा. मी लहानपणी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून बघितलं होतं, तरी काही लागलं नव्हतं. बाबांना विचारलं की ते फक्त म्हणायचे, बघ तूच.

त्या मुलानं अंगठा त्याच्यावरून दोनदा फिरवला, डोळे बारीक करून.

"सात लिहून आहे यावर," तो म्हणाला, आणि काप माझ्या हातात देऊन मासिकांचा पहिला गठ्ठा काट्यावर ठेवला.